राजेंद्र नगरातली अमेरिका

दर वर्षी दुसऱ्या सत्रात मी अमेरिकेला जायचो, खडू हातात घेऊन. नाशिकच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात माझी सगळी नोकरी जगभरच्या उपाहारगृहांचा इतिहास शिकवण्यात गेली, आणि त्यातला 'अमेरिकन बार अँड ग्रिल' हा धडा म्हणजे माझा हातखंडा. रंगीत काचेचे दिवे, भिंतीवर टांगलेलं जुनंपानं सामान, तळलेल्या बटाट्याच्या साली, हे सगळं मी इतक्या रंगात येऊन सांगायचो की पोरांना वाटायचं, सर दर मे महिन्यात तिकडेच असतात. प्रत्यक्षात मे महिन्यात मी सासुरवाडीला निफाडला असायचो. पासपोर्ट मात्र काढला होता. तो कोराच संपला. दुसऱ्यांदा काढला, तोही कोराच संपला. तिसऱ्यांदा काढायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "निदान फोटोसाठी तरी नवा सदरा घ्या, तेवढाच उपयोग."

अशात मिलिंदचा फोन आला. मिलिंद वानखेडे हा माझा जुना विद्यार्थी, मूळचा इंदूरजवळच्या महूचा. आखातातल्या एका मॉलमध्ये अमेरिकन साखळीचं बार अँड ग्रिल होतं, तिथे त्याने वेटरपासून मॅनेजरपर्यंत बरीच वर्षं काढली होती.

"सर, इंदूरला राजेंद्र नगरमध्ये स्वतःचं टाकून ऱ्हायलो. बिलकुल तुम्ही शिकवलं होतं तसं. रविवारी ओपनिंग आहे, तुम्ही बस येऊन जा. अमेरिका बघायची होती ना तुम्हाला?"

गेलो. पाच दिवस राहून, पाहून परत आलो. ज्यांना तिकडे जायचा योग आलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. व्हिसा लागत नाही, बस थेट जाते, आणि उतरल्या उतरल्या गरम पोहे मिळतात.

बुधवार, राजेंद्र नगर

अमेरिका तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहत होत्या; त्यांना सगळी गल्ली भाभीजी म्हणते. दारावर ठळक अक्षरांत 'अमेरिकन बार अँड ग्रिल' असा बोर्ड, आणि बोर्डाच्या बरोबर वर भाभीजींचे पापड वाळत घातलेले.

आत पाऊल टाकलं. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली खोली समोर उभी होती. लाकडी बाक, उंच पाठीचे, समोरासमोर. प्रत्येक टेबलावर रंगीत काचेचा दिवा. छतापासून लोंबणाऱ्या नेच्यांच्या कुंड्या. एका बाजूला लांबलचक काउंटर, पितळी कठड्याचं.

"आणि हा बार," मिलिंद म्हणाला, आणि मग जरा घसा खाकरला. "म्हणजे सर, बारमध्ये शिकंजी आहे."

झालं होतं असं की जागा देताना भाभीजींनी एकच अट घातली होती. "बोर्ड पे जो लिखना है लिखो बेटा, पर मेरे घर के नीचे दारू नहीं और मांस-मच्छी नहीं." म्हणजे बारमध्ये इंदुरी शिकंजी. ही लिंबाच्या पाण्याची नव्हे बरं का, घट्ट दुधाची, बासुंदीच्या मावसबहिणीसारखी. आणि ग्रिलवर पनीर आणि मक्याची कणसं.

"बार गेला, ग्रिल गेलं," मी म्हटलं. "मग बोर्डावरचं खरं उरलं काय? अँड?"

मिलिंद हसला. त्याची आई स्वयंपाकघरात हातात झारा घेऊन उभी होती, तीही हसली. ती आठवडाभर मुलाकडेच मुक्कामाला होती.

आता थोडा धडा. सवय जात नाही, माफ करा. अमेरिकेत पूर्वी गुत्ता म्हणजे पुरुषांची जागा. भल्या घरची बाई तिथे पाऊल टाकत नसे. एकोणीसशे साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या एका तरुण सेल्समनच्या लक्षात आलं की आपल्या भागात हवाई सुंदऱ्या पुष्कळ राहतात आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलायला एकही बरी जागा नाही. गरज ही शोधाची जननी. त्याने एक जुना गुत्ता घेतला, झाडूनपुसून रंग दिला, काचेचे दिवे लावले, अगदी दिवाणखाना केला. बायका यायला लागल्या, त्यांच्यामागे पुरुष आले, रस्त्यावर रांग लागली. कुठे कुंड्या टांगल्या, कुठे भिंती सामानाने भरल्या, पण बघता बघता तसली दुकानं देशभर झाली. मग त्याच पोरापोरींची लग्नं झाली, ती उपनगरात राहायला गेली, तर ही हॉटेलंही त्यांच्या मागोमाग गेली. लहान मुलांच्या उंच खुर्च्या आल्या, कागदावर रंगवायला खडू आले. लग्न जुळवायच्या जागेत लोक बारसं करायला लागले. हल्ली म्हणे तिकडे त्यातली बरीच बंद पडताहेत, कारण माणसं घरीच मागवून खातात. आपल्याकडे मात्र आत्ता कुठे उघडताहेत.

या हॉटेलांत एक पद्धत पडली होती, आणि तिच्यावरूनच पुढचा सगळा घोळ झाला. वेटर ऑर्डर घ्यायला येतो तो उभा राहत नाही. सरळ पाहुण्याच्या बाकावर बसतो. "नमस्कार, मी अमुक. आज तुमच्या टेबलाला मी आहे," म्हणतो आणि मित्राशी बोलावं तसं बोलतो. वर्गात मी हे विनोद म्हणून सांगायचो. पोरं हसायची आणि मी पुढे जायचो.

मिलिंदने तो विनोद मनावर घेतला होता. माझ्यासमोर दिनेशजी आले. दिनेशजी देपालपुरचे, चांगले पंचेचाळिशीचे. लग्नाच्या पंगतीत वाढण्यात त्यांची हयात गेली होती. ते आले आणि धपकन माझ्या शेजारी बसले.

"नमस्कार साब. मैं दिनेश. आज आपकी टेबल पे मैं हूँ."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "उठा," मी म्हटलं. "दिनेशजी, उठा आधी. वेटर पाहुण्याच्या डाव्या हाताला, अर्ध्या पावलावर उभा राहतो. पाठ ताठ, टाचा जुळलेल्या. मिलिंद, हे मी शिकवलं होतं की नाही?"

"शिकवलं होतं सर. पण तिकडे..."

"तिकडचं तिकडे."

तो काउंटरकडे गेला. मग शिकंजीचा ग्लास माझ्यापुढे ठेवून हळूच म्हणाला, "सर, तुम्हाला एका कामासाठी पण बोलावलंय. बाबा येणार नाहीत म्हणतायत. मी आखातात होतो तेव्हाही माझ्याशी धड बोलले नाहीत. ओपनिंगला सगळं इंदूर आलं आणि बाबा नाही आले, तर मी हे कुणासाठी केलं? तुम्ही बोलून बघा ना. तुमचं ऐकतील, तुम्ही मास्तर आहात."

मास्तराचं कोण ऐकतं, हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तरी हो म्हटलं.

गुरुवार, देपालपुर

भिंती रिकाम्या होत्या. अमेरिकन बार अँड ग्रिलच्या भिंतीवर जुनं सामान लागतंच: घोडागाडीचं चाक, गंजलेली सायकल, शाळेची घंटा. तिकडे गावोगाव फिरून भंगार गोळा करणारी माणसं असत आणि त्यांचा तोच धंदा. आमच्याकडे दिनेशजी होते. "अपने देपालपुर में पुराना ही पुराना हे साब," असं म्हणत त्यांनी मला छोट्या टेम्पोत घातलं.

देपालपुरात मला एक गोष्ट कळली. जुनं सामान पुष्कळ आहे, पण निकामी असं काहीच नाही. धान्याच्या बाजारापाशी एका म्हाताऱ्या पटेलांच्या अंगणात बी पेरायची लाकडी पाभर पडली होती, उन्हापावसाने काळी झालेली. मी म्हटलं, ही द्या. भिंतीवर लावतो.

पटेलांनी आधी पाभरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भीत पे?"

"हो."

"तो ले जाओ," ते म्हणाले. "पर मशीन बिगड़ी तो बोवनी के टेम वापस ले जाऊँगा."

शेजारच्या घरातून बैलांची घुंगुरमाळ मिळाली, ती पोळ्याला परत करायच्या बोलीवर. एका बाईंनी धान्य मोजायचं लाकडी माप दिलं आणि बजावलं की लेकीच्या लग्नात मांडवात ते लागेल. अशी अमेरिका भिंतभर गोळा झाली, आणि सगळीच्या सगळी उसनी.

दुपारी दिनेशजींच्या घरी दाल-बाफले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा. आधी उकडायचा, मग निखाऱ्यावर भाजायचा, मग तुपात बुडवायचा. बुडवायचा म्हणजे खरंच बुडवायचा. दोन खाल्ले आणि मी ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडे हात आडवा धरला की आग्रह करणारा एकदा म्हणतो, दुसऱ्यांदा म्हणतो आणि सोडून देतो. माळव्यात तो आग्रहाचा मुहूर्त असतो. दिनेशजींच्या आईंनी तिसरा बाफला वाढला. मी उठायला गेलो तर दिनेशजींनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "साब, हमारे यां बैठा हुआ आदमी बिना खाए नहीं उठता. बैठ गए न आप? बस, फिर."

तेव्हा हे मी नुसतं तुपासकट गिळलं. त्याचा अर्थ शनिवारी कळला.

शुक्रवार, महू

मिलिंदचे वडील, काशिनाथराव वानखेडे, महूत एका जुन्या बैठ्या घरात राहतात. मी दारात गेलो तर "जय भीम, या सर, या," म्हणत स्वतः बाहेर आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर एकही आठी नाही. मला वाटलं काम सोपं आहे.

बाहेरच्या खोलीत सोफा होता, आणि सोफ्याच्या समोर एक लाकडी खुर्ची, वेताच्या बैठकीची, हात घासून गुळगुळीत झालेली. मी नेमका तिच्यावर बसायला गेलो.

"सर, इकडे सोफ्यावर," ते मऊपणाने म्हणाले, आणि त्या खुर्चीवर स्वतः बसले.

चहा आला, शेव आली. मी मुलाचं कौतुक सुरू केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "सर, तुम्ही शिकले-सवरलेले. तुम्हीच सांगा. माझे वडील इथे छावणीत मेसमध्ये वेटर होते. साहेब लोक जेवायचे आणि हे मागे उभे. सगळी नोकरी उभे. घरी आले की आई त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवायची. पाय असे सुजलेले असायचे, पायताणाचा पट्टा उमटलेला. त्या मेसमध्ये ते एकदाही बसले नाहीत. बसायचं नसतंच."

मी शेव खायची थांबलो.

"त्यांनी मला शिकवलं. मी क्लार्क झालो. आमच्या घरात बसून नोकरी करणारा पहिला माणूस मी. रिटायर झालो तेव्हा ऑफिसवाले घड्याळ देत होते. मी बोललो, घड्याळ राहू द्या, माझी खुर्ची देऊन टाका." त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "ही ती. मिलिंदला तर केबिन मिळाली असती. आणि तो जाऊन परत उभा राहिला. लोकांच्या प्लेटा उचलतो. मी तिथे येऊन काय बघू?"

यावर मास्तराने काय बोलावं? मी विषय हसण्यावारी नेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "अहो, उभा कसला राहतोय, त्याचे वेटर तर बसतात. अमेरिकेतली फॅशन. पाहुण्याच्या शेजारी बाकावर बसून ऑर्डर घ्यायची म्हणे. मी त्याला म्हटलं, गाढवा, पाहुण्याची खुर्ची पाहुण्याची. वेटरने तिच्यावर बसू नये."

मी एकटाच हसलो.

"खरंच बसतो?" काशिनाथरावांनी विचारलं. "पाहुण्यासमोर?"

"तिकडे बसतात."

"आणि पाहुणा काही बोलत नाही?"

"तिकडे नाही बोलत."

त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "चहा गार होऊन ऱ्हायला, घ्या." येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही म्हणाले नाहीत. मिलिंदला मी फोनवर एवढंच सांगितलं की चहा चांगला होता.

शनिवार, पुन्हा राजेंद्र नगर

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. गल्लीतली दहा-बारा घरं पाहुणे म्हणून बोलावली होती. प्रत्येक टेबलावर आल्या आल्या एक बशी ठेवायची असं ठरलं होतं. अमेरिकेत बटाट्याच्या साली तळून देतात. मिलिंदने त्या जागी गराडू ठेवला होता. गराडू हा एक कंद आहे, थंडीत येतो, तुकडे करून कुरकुरीत तळतात आणि वर जिरावन मसाला भुरभुरतात. याबाबतीत मी अमेरिकेचं ऐकणार नाही. गराडू सालीपेक्षा सरस आहे.

पाहुणे बसले. दिनेशजी एका सहा जणांच्या कुटुंबापाशी गेले आणि शिकवल्याप्रमाणे बाकाच्या कडेला बसले. "नमस्कार. मैं दिनेश. आज आपकी टेबल पे मैं हूँ."

त्या घरातल्या आजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, सरकून जागा करून दिली आणि गराडूची बशी त्यांच्यापुढे ढकलली. "लो बेटा, पहले खा लो."

"नहीं माँजी, ऑर्डर..."

"अरे बैठे हो तो खाओ. ऑर्डर कहाँ भागा जा रिया हे."

दिनेशजींनी माझ्याकडे पाहिलं. परवा त्यांनीच मला असंच बसवलं होतं. नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. त्यांनी एक तुकडा उचलला. मग आजींनी पर्समधून घरचं जिरावन काढलं, इथलं फिकं आहे म्हणाल्या, आणि आणखी एक तुकडा त्यात घोळवून दिला.

दुसऱ्या टेबलावर पूजा बसली होती. बी.कॉम. झालेली, चुणचुणीत मुलगी. तिथे एक निवृत्त जोडपं होतं. त्यांनी तिचं नाव विचारलं, मग आडनाव, मग वडील काय करतात, आणि पाच मिनिटांत त्या बाईंनी पूजाच्या आईला फोन लावला होता. भाच्यासाठी बोलणी चालली होती. पूजा मान खाली घालून गराडू खात होती.

मिलिंद स्वतः तिसऱ्या टेबलावर बसला, तर तिथल्या तरुण आईने त्याच्या मांडीवर बाळ ठेवलं. "भिया, दो मिनट पकड़ो, मैं हाथ धो के आई." ती हात धुवायला गेली ती वर भाभीजींशी गप्पा मारायला गेली. बाळाने त्याचा ऑर्डरचा पॅड चघळायला सुरुवात केली.

अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून मिलिंदची आई झारा घेऊन बाहेर आली. "अरे, एक पण ऑर्डर नाही आली. काय करून ऱ्हायले तुम्ही लोक?" तिने हॉलभर नजर फिरवली. वेटर सगळे बसलेले, वेटर सगळे खाताहेत, आणि पाहुणे सगळे आग्रह करताहेत. उभा असा मी एकटा, खांबाला टेकून.

अमेरिकेत ही पद्धत का चालते ते मला त्या क्षणी उमगलं. तिथला पाहुणा वेटरला बसू देतो आणि मग विसरतो. इंदुरात बसलेल्या माणसाला विसरायची सोयच नाही.

पाहुणे गेल्यावर मिलिंदने टेबलावर डोकं टेकलं. आता खरं सांगतो. मला आनंद झाला होता. मास्तर बरोबर निघाला की मास्तराला जो आनंद होतो तो फार हलक्या दर्जाचा असतो, पण होतो.

"मी म्हटलं होतं," मी म्हणालो.

"हो सर. बोलले होते तुम्ही." त्याने डोकं वर केलं नाही. "उद्यापासून सगळे उभे. डावा हात, अर्धं पाऊल. तुम्ही शिकवलं तसं."

संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांना उभं राहायला शिकवलं. टाचा जुळवा, पाठ ताठ. दिनेशजी मुकाट्याने शिकले.

रविवार, ओपनिंग

बारा वाजता फीत कापली भाभीजींनी. गर्दी छान होती. देपालपुरहून पटेल आले होते; ते आधी आपल्या पाभरीपाशी गेले, खिळे हलवून पाहिले, आणि मगच शिकंजी प्यायले. वेटर ताठ उभे होते. ऑर्डरी भराभर जात होत्या. सगळं माझ्या धड्यातल्यासारखं चाललं होतं. मिलिंद तेवढा मिनिटामिनिटाला दाराकडे बघत होता.

साडेबारा झाले असतील. दारात एक सामानाची रिक्षा थांबली. पुढे ड्रायव्हरशेजारी काशिनाथराव, इस्त्रीच्या शर्टात. मागच्या हौद्यात, दोरीने नीट बांधलेली, ती वेताची खुर्ची.

मिलिंद जागच्या जागी थांबला. आईने पदर तोंडाला लावला. दिनेशजी धावत पुढे झाले, खुर्ची उतरवून घेतली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बहुत बढ़िया पीस हे बाबूजी. याँ पाभर के बगल में टाँग दूँ?"

"टांगायला नाही आणली," काशिनाथराव म्हणाले.

त्यांनी खुर्ची दिनेशजींकडून काढून घेतली. स्वतः उचलून आत आणली आणि खिडकीजवळच्या टेबलाच्या टोकाला ठेवली, वाट अडणार नाही अशी, थोडी तिरकी. मग ते बाकावर बसले. खुर्ची रिकामी.

मिलिंद पॅड घेऊन गेला. वडिलांच्या डाव्या हाताला, अर्ध्या पावलावर उभा राहिला. पाठ ताठ, टाचा जुळलेल्या. इतका निर्दोष उभा राहिलेला विद्यार्थी मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता. आणि मला एकदम ते पाय आठवले, गरम पाण्यातले, पट्टा उमटलेले. मला लाज वाटली.

काशिनाथरावांनी मुलाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"सर, हा उभा का आहे?"

"मी सांगितलं," मी म्हणालो. "मीच सांगितलं त्यांना उभं राहायला."

"पाहुण्याच्या खुर्चीवर वेटरनं बसू नये, तुम्ही बोलले होते. बरोबर आहे तुमचं." त्यांनी वेताच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "ही पाहुण्याची नाही. ही आमच्या घरची आहे. आता बसू द्या त्याला."

ते खरोखर परवानगी मागत होते. सगळा हॉल बघत होता की नाही मला माहीत नाही. मी फक्त मिलिंदकडे बघत होतो.

"बस, मिलिंद," मी म्हटलं.

तो बसला. खुर्चीच्या अगदी कडेला, आधी. मग मागे टेकून. वेत करकरला.

"नमस्कार," तो म्हणाला, आणि त्याने पॅड टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मी मिलिंद. आज तुमच्या टेबलाला मी आहे."

"माहीत आहे," काशिनाथराव म्हणाले. त्यांनी मेनू उघडला आणि फाईल वाचावी तसा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "गराडू आण. दोन प्लेट. दुसरी तुझी."

मिलिंद उठायला लागला. वडिलांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बस. आणेल कुणीतरी."

गराडू त्याची आईच घेऊन आली. तीही टेकली बाकावर. तिघं खायला लागले. मिलिंदचे डोळे गळत होते आणि तो जिरावन तिखट आहे असं सांगत होता. पलीकडच्या टेबलावरून, त्याच त्या सहा जणांच्या कुटुंबातून हाक आली, "ओ भिया, हमारा भी तो ले लो ऑर्डर."

"दो मिनट रुको," काशिनाथराव मान न वळवता म्हणाले. "वो अभी बैठा हे."

दिनेशजी स्वयंपाकघरात होते, पूजा काउंटरवर. मी खांबापासून निघालो. मिलिंदच्या पॅडमधलं एक पान फाडून घेतलं, त्याच्याच खिशातलं पेन काढलं आणि त्या टेबलापाशी गेलो. डाव्या हाताला, अर्ध्या पावलावर, सवयीने. कालच्या आजींनी वर पाहिलं.

मी बाकाच्या कडेला बसलो. गुडघ्यातून एक कळ आली.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी पाटणकर. आज तुमच्या टेबलाला मी आहे."

आजी सरकल्या आणि त्यांनी गराडूची बशी माझ्यापुढे ढकलली. मी एक तुकडा उचलला.